माझ्या पोटातलं डोक्याचं तेल

मी फोनोग्राफची मोटर बोलतेय. आधी नाक धरा, मग ऐका.

घरात आले तेव्हा मी लखलखीत होते. किल्ली दिली की मेणाचं नळकांडं एका चालीत फिरवायचं, हे माझं काम. त्यावर माणसाचं बोलणं टिपलं जाई आणि पुन्हा ऐकूही येई. त्यासाठी मला वर्षाकाठी थेंबभर पातळ तेल पुरे होतं. पण माणसांना थेंब कुठला ठाऊक! जरा कुरकुरले की हाताला लागेल ती बाटली माझ्यावर उपडी. स्वयंपाकाचं तेल झालं, शिवणयंत्राचं झालं. सगळं पोटात चिकटून त्याचं डांबर झालं, त्यात झुरळांनी संसार थाटला. शेवटी मी जाम झाले.

"छबीनं बिघडवलं," असं घरात ठरून गेलं. छबी तेव्हा सात वर्षांची. तिचे वडीलही गप्प राहिले.

आता छबी स्वतः आत्या झालीय, केस पांढरे झालेत. वडिलांच्या आवाजाचं एकच नळकांडं उरलंय, ते तिला एकदा ऐकायचं होतं. म्हणून मला मांडीवर घेऊन ती भाच्याबरोबर घड्याळजींच्या दुकानात आली.

घड्याळजींनी झाकण काढलं आणि तोंडच फिरवलं. "शी! आत काही मेलंय की काय?"

"हाणा एक हातोडी, सुटेल," भाचा म्हणाला.

"हाणली तर दांडा वाकेल. मग आवाज असा डुलत येईल की आजोबा ओळखू यायचे नाहीत."

त्यांनी आधी माझ्या स्प्रिंगचा ताण चाकाचा एकेक दात सोडत उतरवला. मग चार दिवस मला रॉकेलमध्ये बुडवून ठेवलं. रोज थोडी ऊब द्यायची, लाकडी काडीनं घाण खरवडायची, चाक केसभर पुढे, केसभर मागे. सगळं सुटलं, पण वेग आवरणारा बारीक दांडा हलेना. त्याच्या बुडाशी पिवळट लगदा होता. पाचव्या दिवशी आत्या आणि भाचा आले, तेव्हा घड्याळजींनी तो काडीवर घेऊन हुंगला.

"हे तर डोक्याला लावायचं तेल. सुवासिक!"

भाचा खो खो हसला. "आत्या, हाच ना तुझा पराक्रम?"

"असेल रे. सगळे म्हणतात तर असेल."

तेवढ्यात दांडा कट्कन सुटला. घड्याळजींनी दोन थेंब पातळ तेल दिलं, नळकांडं चढवलं, किल्ली भरली. मी फिरले. खरखरीतून एक पुरुषी आवाज आला.

"ऐकू येतंय ना? अरे, हे मंदावलं वाटतं. छबे, आईचं डोक्याचं तेल आण पटकन!"

टिपताना मी रडतखडत चालले होते, म्हणून आता पूर्ण वेगात फिरताना शेवटचे शब्द चिरके निघाले. पण कळायचं ते कळलं. भाचा उडालाच. "म्हणजे आजोबांनीच! आणि जन्मभर बोलणी तू खाल्लीस?"

मला तर किळस आली. माझ्यातल्या घाणीची नाही, त्या गप्प बसण्याची.

"परत लावा," आत्या म्हणाली.

"मेण झिजतं, बाई. अजून एकदाच लावता येईल."

"मग 'छबे' म्हणतात ना, तिथंच थांबवा."

अशानंच माणसं सोकावतात! मी चिडूनच फिरले. पण "छबे" आलं, घड्याळजींनी खटका दाबला, आणि मी जराही हिसका न देता थांबले.