घुमट नसलेला विहार

धुक्याने वैनगंगेचा काठ पुसून टाकला होता. धूसर पाणी, धूसर पळस, धूसर आकाश. आणि त्या धूसरतेत टेकडीवरचा नवा विहार. लाल विटांचा, निरलंकार, निःशब्द.

त्याला घुमट नव्हता, कळस नव्हता. होत्या फक्त उंच, उघड्या भिंती, आणि छताला पूर्वेकडे एक अरुंद फट. उगवता सूर्य त्या फटीतून उतरेल आणि बुद्धमूर्तीच्या मिटल्या पापण्यांवर विसावेल, असे विशाखा गजभियेने गावाला सांगितले होते. आर्किटेक्ट म्हणून तिचे हे पहिले काम. आणि हे गाव तिच्या आईचे.

आज लोकार्पण. आणि सूर्य नव्हता.

शुभ्रवस्त्र स्त्रिया, शुभ्रवस्त्र पुरुष पायऱ्या चढून आले आणि दारातच थबकले. त्यांच्या नजरा भिंतींवरून वर गेल्या, रिकाम्या परतल्या. एकेक नजर तिच्या काळजावर ओरखडा काढून जात होती.

"घुमट कुठी हाय, पोरी?" विहार समितीचे वृद्ध दशरथ रामटेके हळूच म्हणाले. "आमी सारी हयात घुमटाचंच सपन पायलं."

"उजेड येईल, आबाजी." तिचा आवाज तिलाच परका वाटला.

उजेड आला नाही. फटीतून राखाडी थंडी तेवढी झिरपत राहिली. मूर्ती सावलीत, माणसे सावलीत. त्यांच्या स्वप्नाच्या जागी आपण नुसते रिकामपण बांधून ठेवले का? विशाखा उंबऱ्याबाहेरच थांबली.

लोक बसले, अवघडून, आखडून. आबाजींनी वंदना धरली: कापरा, क्षीण, एकाकी स्वर.

तो स्वर विरला नाही. विटांनी तो झेलला. एका भिंतीने दुसरीला दिला, दुसरीने छताला. आणि छतावरून तो परतला गंभीर होऊन, घनगहन होऊन. आबाजी दचकून थांबले. ते थांबले, तरी त्यांचा स्वर तिथेच होता, त्यांच्या डोईवर, तरंगत.

हे विशाखाने योजलेच नव्हते.

मग सारे कंठ उघडले.

ती अजून उंबऱ्याबाहेरच होती. आबाजींनी तिला पाहिले. वंदना म्हणता म्हणताच ते भिंतीलगतच्या सतरंजीवर थोडे सरकले, आणि मोकळ्या जागेवर त्यांनी हात ठेवला.

ती बसली. आवडले, असे कुणी म्हटले नव्हते. तिने पाठ भिंतीला टेकवली. आणि भिंत गुणगुणत होती. मंद, मंदतर, तिच्या मणक्यातून, तिच्या श्वासातून, खोल, खोल, खोल.