शुक्रवारची पिशवी

आमच्या घरात मळका कपडा रात्रभर राहत नाही. घरची लाँड्री आहे म्हणून नाही, आईचा स्वभावच तसा. पाहुण्याच्या अंगावर चहा सांडला तर ती आधी त्याला शर्ट उतरवायला लावते, भाजलं का ते नंतर विचारते. दादा म्हणायचा, आईच्या तावडीतून फक्त उघडी माणसं सुटतात.

दादा बस चालवायचा आणि डेपोतल्या कामगार संघटनेत सगळ्यांच्या पुढे असायचा. संपाच्या आदल्या दिवशी साध्या कपड्यांतली माणसं त्याला डेपोच्या फाटकातून उचलून घेऊन गेली. पोलिसांनी कानावर हात ठेवले, सरकारनेही ठेवले. असा माणूस आमच्या ताब्यात नाही, कधी नव्हताच. आणि तरी दर शुक्रवारी मी नदीपलीकडच्या बराकीच्या मागच्या दाराशी धुतलेल्या कपड्यांची पिशवी घेऊन जायचे, आणि पहारेकरी अवाक्षर न काढता मळक्या कपड्यांची पिशवी परत द्यायचा. दादाच्या एका मित्राने ही सोय गुपचूप लावून दिली होती. शर्ट दादाचा, घाम दादाचा. ताब्यात नसलेला माणूस कपडे मळवतो कसा, हे सरकारला विचारायचं कोणी?

विचारलं आमच्या वकीलबाईंनी. त्यांनी आंतरराष्ट्रीय समितीकडे तक्रार केली, आणि समितीने सरकारला कळवलं की या माणसाचा ताबडतोब शोध घ्या आणि काय केलंत ते सांगा. सरकारच्याही वर कोणीतरी आहे हे ऐकून आईला वाटलं, आता तिथून कोणी वडीलधारा येऊन यांचा कान पिळणार. वकीलबाईंनी तिला समजावलं. पूर्वी बाहेरच्यांनी तोंड उघडलं की सरकारवाले आमच्या घरात नाक खुपसू नका म्हणायचे. आता आपल्या सरकारने या समितीच्या करारावर सही केली आहे. माणूस गायब करणं हा गुन्हा आहे, आणि तो माणूस कुठे आहे ते सांगेपर्यंत गुन्हा चालूच राहतो. सरकारला उत्तर द्यावं लागतं.

"खरं उत्तर?" मी विचारलं. त्या चष्मा पुसत बसल्या. माझी जीभ जरा तिखट आहे.

उत्तर आलं: सदर व्यक्ती आमच्या ताब्यात नाही.

तेव्हा वकीलबाई आईला म्हणाल्या, "मावशी, पुढची पिशवी मला जशीच्या तशी हवी. धुवायची नाही. घाम, केस, सगळं तपासता येतं. ते समितीपुढे ठेवू, मग बघू कसे नाही म्हणतात." आईने मान डोलावली. मी पुन्हा बजावलं, तिने पुन्हा डोलावली.

शुक्रवारी पिशवी आणली आणि फळीवर ठेवली. वकीलबाईंचा फोन लागेना. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. हॉटेलच्या चादरींना इस्त्री करायची होती, पण घडी घातली की वाकडी, मोडली की पुन्हा वाकडी. शेवटी चादरी तशाच टाकल्या आणि कोर्टात जाऊन वकीलबाईंना घेऊन आले.

आम्ही आलो तेव्हा शर्ट बादलीत होता. पँट, बनियन, सगळंच.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी तोंड उघडण्याआधी आईच म्हणाली, "कॉलरला रक्त होतं. रक्ताला थांबून चालत नाही. लगेच पाण्यात टाकलं नाही तर डाग बसतो. त्याला परत घालायचाय ना तो."

वकीलबाई बादलीजवळ उकिडव्या बसल्या. त्यांनी बाटलीत थोडं पाणी भरून घेतलं, पण साबणाच्या पाण्याने काही सिद्ध व्हायचं नाही हे त्यांच्या तोंडावरच दिसत होतं. मी आईला नको नको ते बोलले. तूच त्याला दुसऱ्यांदा गायब केलंस, हेही बोलले. आईने सगळं ऐकून घेतलं. वकीलबाई म्हणाल्या, पुढचा शुक्रवार आहेच.

तो आठवडा मी कसा काढला मलाच ठाऊक. दोन गिऱ्हाइकांशी भांडले, एकाची बाही जाळली. घरात आई माझ्याशी बेताबेतानेच बोलत होती.

शुक्रवारी पहारेकऱ्याने पिशवी माझ्या हातात जवळजवळ कोंबली आणि दार लावून घेतलं. घरी येऊन मी वकीलबाईंनी दिलेले रबरी मोजे चढवले आणि इस्त्रीच्या टेबलावर पिशवी उघडली. आई आतल्या दारातच थांबली, दोन्ही हात पाठीमागे धरून.

वरच शर्ट होता. बाहीवरची इस्त्रीची रेघ ताठ होती. घडी माझीच होती, डावी बाही उजवीखाली दाबलेली. खाली पँट, त्याखाली बनियन. गेल्या शुक्रवारी मी पाठवलेले कपडे, मी पाठवले तसेच. कोणी ते अंगात घातलेच नव्हते.

"मी हात लावलेला नाही हं," आई लांबूनच म्हणाली. "रक्त आहे का गं कुठे?"

"नाही."

"कॉलर बघ नीट."

मी कॉलर बघितली. मग दोन्ही हात टेबलावर टेकवले.

"नाही, आई. एकही डाग नाही."

तिने मोठा सुस्कारा सोडला. किती दिवसांनी तिच्या तोंडावर हसू आलं.

"म्हणजे मारायचं थांबवलं त्यांनी," ती म्हणाली. "बाईंची समिती कामाला आली बघ."