अर्ध्या सेकंदापूर्वीचा पाय

दातांवरची रबरी पट्टी किंचित बाहेर आलेली, तिच्या कडेला लाळेची एक बारीक तार, आणि ती तार गेली चाळीस मिनिटं तशीच लोंबत होती, कारण अबाकरने चित्र थांबवून ठेवलं होतं. मुर्तुझचं तोंड उघडं. हात पुढे, पाठ वाकलेली, नजर समोरच्याच्या डाव्या पायावर… म्हणजे जिथे डावा पाय होता तिथे. पाय तिथून केव्हाच निघून गेला होता. मुर्तुझ, अबाकरचा सख्खा चुलतभाऊ, सगळ्या दागिस्तानात ज्याचा पाय धरून पाडणारा पट बघायला म्हातारे काठ्या टेकत येतात तो मुर्तुझ, एका रिकाम्या जागेचा पट काढत होता.

बारा फ्रेम. म्हणजे अर्धा सेकंद. अबाकरने पुन्हा मोजल्या. बाराच.

कुस्तीगीर विरुद्ध ठोसेबाज ही जगातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे, असं अबाकर आपल्या वाहिनीवर दर आठवड्याला सांगायचा. एकाला जवळ यायचं असतं, दुसऱ्याला लांब राहायचं असतं. बरीच लग्नंही याच तत्त्वावर चालतात. मधलं दीड हात अंतर, सगळी लढत तेवढ्यात. कुस्तीगीराने ते पार केलं की ठोसेबाज म्हणजे उताणं कासव, पार नाही केलं की कुस्तीगीर म्हणजे ठोसे खाणारी, हातपाय असलेली पिशवी. आणि पुढच्या शनिवारी अबुधाबीत लढतीच्या पिंजऱ्यात समोर उभा राहणारा तो एदिवाल्दो, ब्राझीलचा, बत्तीस लढती, त्यातल्या अकरा नुसत्या गुडघ्यावर जिंकलेला… समोरचा पटात शिरायला वाकला की बाकीचे ठोसेबाज मागे सरकतात, हा सरकत नाही. हा थांबतो. आणि गुडघा वर आणतो, कुणी दार लावून घ्यावं तसा, राग नाही, घाई नाही. वेळेवर शिरणाऱ्या मुर्तुझला तो गुडघा फार तर खांद्यावर लागेल. अर्धा सेकंद उशिरा शिरणाऱ्या मुर्तुझला तो तोंडावर लागेल, आणि मुर्तुझ स्वतःच्या वजनानिशी त्याच्यावर धावत जाऊन आदळलेला असेल.

हा उशीर ज्या ठोशाने आला तो सप्टेंबरातला. पोलंडच्या एका माणसाचा, कानामागे, दुसऱ्या फेरीत. मुर्तुझ ती लढत जिंकला, विमानतळावर ढोल वाजले, पोलंडचा माणूस घरी गेला, त्याने लग्नसुद्धा केलं. ठोसा मात्र अजून चालूच होता. त्यानंतरचे सात पट, सातही उशिरा. आणि परवाच्या सरावाचं चित्रण — चार महिन्यांनंतरचं — त्यातही बाराच फ्रेम.

वजन उतरवताना असं होतं, सगळे म्हणत. उपाशी माणूस बायकोचं नावही विसरतो. हे खरं होतं. गेल्या आठवड्यात अबाकरच्या घरी जेवताना मुर्तुझने विचारलं, काकांची तब्येत कशी आहे? अबाकरचे वडील वसंतात गेले होते, जनाजाला पुढचा उजवा खांदा मुर्तुझचाच होता. "गेले ना रे," अबाकर म्हणाला. मुर्तुझ कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला, माफी मागितली. मग चहा आला, जर्दाळूचा मुरंबा आला, आणि मुर्तुझने चमचा चाटत विचारलं, काकांची तब्येत कशी आहे? या खेपेला अबाकर म्हणाला, "बरे आहेत." …मी काय करायला हवं होतं? एकाच जेवणात वडिलांना दोनदा मारायचं?

शुक्रवार होता. उद्या सकाळचं विमान. दुपारच्या नमाजानंतर तालमीत वडीलधारे जमणार, अबाकर भिंतीवर प्रतिस्पर्धी उलगडून दाखवणार, वस्ताद काय ते ठरवणार, मग सगळे हात उचलून दुवा मागणार. अशी पद्धत. अबाकरने लॅपटॉप पिशवीत घातला, आरशासमोर टोपी चढवली आणि कानांवरून जरा मागे सारली, कान दिसतील अशी. हे तो इतकी वर्षं न बघता करायचा. आज त्याने बघितलं.

कान चांगले होते. फुलकोबीसारखे, गच्च, आतली वाट जेमतेम उरलेली. त्यांच्या तलूब गावात तीनशे उंबरे आणि सहाशेच्या आसपास मोडके कान. सतरंजीवर डोकी घासून घासून मोडलेले. या कानांवर माखाचकलात टॅक्सीत पुढची जागा मिळते, पोलीस आधी सलाम करतो, आणि कुस्तीवर बोललं तर लोक ऐकून घेतात. सरळ कानाच्या माणसाचं कोण ऐकतो? सरळ कानाच्या माणसाने हवामानावर बोलावं.

अबाकर आयुष्यात एकही कुस्ती खेळलेला नव्हता. लहानपणी दमा होता, म्हणून समुद्राकाठी डर्बेंटला मावशीकडे वाढला. सोळाव्या वर्षी मोठ्या शहरात जायचं ठरलं तेव्हा त्याने मावशीचं लाटणं घेतलं — खिंकालच्या कणकेचं, चांगलं जड — आणि तेरा दिवस, रोज दुपारी, न्हाणीघरात… डावा कान झकास झाला. उजवा ऐकेना. सुट्टीत आलेला मुर्तुझ दाराच्या फटीतून बघत होता, तो आत आला आणि म्हणाला, "एकच कान घेऊन गेलास तर लोक म्हणतील, अर्धीच कुस्ती शिकला." मग तो छातीवर बसला आणि उरलेलं काम त्याने केलं. दोघं हसत होते, अबाकर रडतही होता. मावशीने त्याच लाटण्याने रात्री खिंकाल केले आणि सगळ्यांनी वाखाणले. तेव्हापासून तलूबला वाटतं की हा डर्बेंटला खेळला, डर्बेंटला वाटतं गावाकडे खेळला, आणि कुणी कुणाला विचारत नाही, कारण कान तर समोर आहेत. जाणणारा एकच. मुर्तुझ. बारा वर्षांत थट्टेतसुद्धा त्याच्या तोंडून ते निसटलं नव्हतं, आणि बारा वर्षं, प्रत्येक लग्नात, प्रत्येक बैठकीत, मुर्तुझ बोलायला तोंड उघडायचा तेव्हा अबाकरचं पोट क्षणभर आत ओढलं जायचं.

तालीम जुन्या मासळीच्या कारखान्यात होती. कारखाना बंद होऊन तीस वर्षं झाली, वास अजून कामावर होता. बाकावर पाचसहा म्हातारे, मधोमध मेंढीच्या कातड्याची टोपी घातलेले गितिनोआजोबा, जमिनीवर पैलवान, भिंतीपाशी हाताची घडी घालून सायगीद वस्ताद. मुर्तुझ एका कोपऱ्यात, गाल बसलेले, सगळ्यांकडे बघून हसणारा.

"हा ब्राझीलचा खातो काय?" गितिनोआजोबांनी पहिला प्रश्न टाकला.

"भात आणि घेवडा, आजोबा."

"मांस?"

"तेही."

"पण भात रोज?"

"रोज."

"मग काळजी नाही. भात खाणारा पडतो." आजोबांच्या मते विषय संपला होता.

अबाकरने अकरा गुडघे दाखवले. एकामागून एक. चौथ्यापर्यंत पोरं ओरडत होती, सातव्याला शांत झाली, अकराव्याला कुणीतरी हळूच 'वल्ला' म्हणालं. मग अबाकरने दुसरं चित्र लावलं. मुर्तुझचं.

"हे कशाला?" वस्ताद म्हणाले.

"वस्ताद, तो उशिरा शिरतोय. अर्धा सेकंद. सप्टेंबरपासून. मला वाटतं… ही लढत पुढे ढकलावी."

"अर्धा सेकंद!" वस्तादांनी बाकाकडे बघितलं. "माझी बायको चहाला अर्धा तास लावते. तलाक देऊ?"

म्हातारे हसले. मुर्तुझही हसला, सगळ्यांच्या नंतर, थोडासा उशिरा… की मलाच आता सगळीकडे तेच दिसतंय?

"डोक्याला मार आहे, वस्ताद. डॉक्टरला दाखवा."

"लढतीच्या डॉक्टरने बघितलंय. डोळ्यांत बॅटरी मारली, पास केलं, त्याच्याबरोबर फोटो काढला."

जमिनीवरून शुआयब बोलला. शंभर किलोचा, आवाज मात्र मधासारखा. "अबाकरभाऊ, राग मानू नकोस. पण तू स्वतः शेवटचा पट कधी काढलास? आम्ही तर तुला सतरंजीवर कधी बघितला नाही. नुसतं विचारतोय हां."

तालमीत कुणी हसलं नाही, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. त्याच वेळी कोपऱ्यात मुर्तुझ उठून उभा राहत होता.

"ए शुआयब, तोंड सांभाळ," मुर्तुझ म्हणाला. "दोन उन्हाळे मी याच्याबरोबर डर्बेंटच्या तालमीत होतो. तू तेव्हा आईचा हात धरून चालत होतास. हा मला ढाक मारायचा, मला! आणि याचा उजवा कान बघ — तो माझ्याखाली मोडला. सतरंजीवर. सगळ्यांसमोर."

"मग प्रश्नच मिटला," गितिनोआजोबा म्हणाले. शुआयबने छातीला हात लावून माफी मागितली. कुणीतरी चहाचं बघायला गेलं.

अबाकरला गहिवरून आलं. माझ्यासाठी खोटं बोलला, मी त्याची लढत मोडायला निघालो असताना… आणि मग काहीतरी खटकलं. मुर्तुझला खोटं बोलता येत नव्हतं. कधीच. मेंढी कुणी सोडली, काच कुणी फोडली, तो तोंड उघडायच्या आधी त्याचा गळा लाल व्हायचा, मग गाल, मग ते दोन मोडके कान कंदिलासारखे. आत्ता तो गळा कोरड्या पानासारखा पिवळट होता.

मुर्तुझ नळापाशी चूळ भरत होता. एक घोटही पोटात जाणार नाही याची काळजी घेत. अबाकर त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"कशाला बोललास तसं?"

"मग काय ऐकून घेऊ? त्याची हिंमत बघ."

"तसं नाही. मुर्तुझ… इथे आपण दोघंच आहोत. उजवा कान कसा मोडला?"

मुर्तुझने तोंड पुसलं. तो हसत होता, भावाने भावाला जुनी गोष्ट पुन्हा सांग म्हटल्यावर हसावं तसा.

"तू खालून सुटायला बघत होतास, मी डोकं दाबलं. कर्रकन् आवाज आला. तू म्हणालास, सोडू नकोस, लढ. तालमीचा तो म्हातारा मिश्यांवाला, त्याने बर्फ आणला. विसरलास होय?" मग त्याचा चेहरा जरा काळजीने आखडला. "अबाकर, तू बरा आहेस ना? झोपत नाहीस तू. सतत त्या पडद्याकडे बघत असतोस, डोकं कामातून जाईल तुझं." आणि खांद्यावर थाप मारून, दाराकडे वळता वळता, "काकांना सलाम सांग."

तालीम नव्हती. म्हातारा नव्हता, मिश्या नव्हत्या, बर्फ नव्हता. ते सगळं मुर्तुझच्या डोक्यात कुणीतरी नव्याने बांधलं होतं, जिथे काही पडलं होतं तिथे… आणि बांधणाराही मुर्तुझच, म्हणून त्याने भावाला चांगला पैलवान करून टाकलं होतं.

चहा झाला. वस्तादांनी पेला बाकावर ठेवला आणि अबाकरला जवळ बोलावलं. आता आवाजात थट्टा नव्हती.

"मी त्याला सात वर्षांचा असल्यापासून घडवलाय. माझा मुलगा सरळ कानाचा निघाला, बँकेत बसतो. हाच माझा मुलगा. डोक्यात खरंच काही असेल तर मी हा आत्ता फोन उचलतो आणि लढत मोडतो, शिव्या खायला मी आहे. पण चित्रं दाखवू नकोस मला. चित्रात माझी गायही लंगडते. दुसरं काही आहे? असं काही, की जे तू स्वतः बघितलंस, आणि मी नाकारू शकणार नाही?"

होतं. आत्ताच, या सगळ्यांसमोर घडलं होतं. वडिलांचं सांगितलं तर ते म्हणतील उपाशी आहे, आणि उपाशी तो होताच. पण हे… भूक माणसाला विसरायला लावते, भूक माणसाला तालमी बांधून देत नाही. एक वाक्य पुरे होतं. वस्ताद, तो जे बोलला त्यातलं काही घडलेलं नाही आणि त्याला ते माहीत नाही. मग ते विचारतील, तुला कसं माहीत? मग दुसरं वाक्य. आणि दुसऱ्या वाक्यानंतर शुआयब, गितिनोआजोबा, टॅक्सीवाले, पोलीस, वाहिनीचे चार लाख लोक, तलूबचे तीनशे उंबरे…

पण त्याआधी, हे सगळं मनात यायच्याही आधी, नळापाशी, मुर्तुझ पाठ वळवून चालू लागला तेव्हा, अबाकरच्या आत एक शब्द उमटला होता. तो आत्ता त्याला ऐकू आला. 'सुटलो.' दुःख नाही, भीती नाही. आधी तो शब्द, अगदी स्वच्छ. आता कुणालाच माहीत नाही. बारा वर्षं आवळलेलं पोट सैल झालं होतं, अजून सैलच होतं, इतकं हलकं त्याला कधी वाटलं नव्हतं, आणि त्या हलकेपणात तो उभा होता आणि त्याला त्याचा वास येत होता. आजवर मी स्वतःला घाबरट समजत आलो. घाबरट माणूस बरा असतो. घाबरटाला निदान दुसऱ्याचं डोकं रिकामं होताना आनंद होत नाही.

पलीकडे मुर्तुझ कुणाच्या तरी पाठीवर थापा मारत मोठ्याने काहीतरी सांगत होता. बहुधा डर्बेंटचंच.

"बोल," वस्ताद म्हणाले. म्हाताऱ्यांनी दुवेसाठी हात गुडघ्यांवरून उचलायला घेतले होते, ते तसेच अर्ध्यावर थांबले.

"वस्ताद," अबाकर म्हणाला. आवाज फुटला, तो त्याचाच होता, आणि त्यामागून कुठलं वाक्य येणार हे बाकीच्यांबरोबर त्यालाही आता ऐकल्यावरच कळणार होतं.