गप पडलेला माणूस

बेंबळीच्या रस्त्यावर मेंढरं पलीकडं काढताना रामलिंगला जीपनं उडवलं. बरगड्या मोडून फुप्फुसात घुसल्या. धाराशिवच्या एका खासगी दवाखान्यात त्याला श्वासाच्या मशिनवर ठेवलं. तिथं अतिदक्षता विभागात दिवसपाळीला करिश्मा नावाची सिस्टर होती. हाताला हलकी, कामाला चोख.

पहिले दोन दिवस रामलिंग मशिनशी झगडत होता. तोंडात नळी, त्यामुळं बोलता येत नव्हतं. पण कपाळाला आठ्या पडायच्या, मुठी वळायच्या. त्यावरून करिश्मा तक्त्यात वेदनेचे गुण मांडायची आणि औषध वाढवून घ्यायची. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर कुलदीप यांनी अंग पार सैल पाडणारं औषध सुरू केलं, मशिनचा श्वास त्याला नीट लागावा म्हणून. माणूस निपचित झाला. करिश्मानं दर दोन तासांनी शून्य लिहिलं. अशा रुग्णाला तो तक्ता लागू पडत नाही, हे तिला शिकवलेलं होतं. पण आठ खाटा आणि दोन सिस्टर. शून्य लिहिताना तेवढंच हायसं वाटायचं.

दुपारी भेटीच्या वेळी त्याची बायको सिताबाई दिराला घेऊन आली. बराच वेळ नवऱ्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग म्हणाली, “सिस्टर, ह्यांना लई दुखतंय.”

चेहरा शांत आहे मावशी, औषध चालू आहे, असं करिश्मानं समजावलं.

“मेंढराला थोडं दुखलं की ते वरडतं. लई दुखलं की गप ऱ्हातं. हे गप हायत, म्हणून म्हणते.”

रामलिंगच्या डोळ्याच्या कडेला पाणी साचलं होतं. ते डोळ्यात घातलेल्या मलमाचं असेल, असं करिश्मा म्हणाली. सिताबाईनं ते पदरानं टिपलं. नाडी एकशे चौतीसवर गेली होती. डॉक्टरांनी ती तापावर ढकलली.

चार वाजता त्याला कुशीवर वळवताना करिश्माच्या हाताला चादर ओली लागली. झोपेचं आणि वेदनेचं औषध जाणारी नळी त्याच्या कोपराखाली जोडावर सुटली होती. पंप चालूच होता. औषध थेंब थेंब गादीत जात होतं. सैल पाडणारं औषध मात्र मानेतल्या नळीतून व्यवस्थित जात होतं. सकाळी नऊला अंग पुसताना त्याला वळवलं होतं तिनंच; नळी तेव्हाच सुटली असणार. म्हणजे सात तास तो माणूस जागा होता, आणि त्याला पापणीसुद्धा हलवता येत नव्हती.

तिनं नळी जोडली. अर्ध्या तासात नाडी अठ्ठ्याण्णववर आली.  तिनं डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी नोंद करायला सांगितलं आणि नातेवाइकांपाशी बोलू नको म्हणाले.

दोन दिवसांनी सकाळी रामलिंग गेला. जखमाच तशा होत्या. बेंबळीहून माणसं आली. गाडी लागेपर्यंत सिताबाई बाहेरच्या बाकावर बसून होती. करिश्मा तिच्याशेजारी जाऊन बसली.

“मावशी, त्या दिवशी तुम्ही म्हणालात ते खरं होतं. दुपारपर्यंत औषध पोचतच नव्हतं. माझ्या हातून नळी सुटली होती. त्यांना दुखत होतं.”

 सिताबाईनं आदळआपट करावी, निदान हात उगारावा, असं करिश्माला वाटत होतं. पण सिताबाईनं एवढंच विचारलं, “मग ते जागं हुते?”

“हो.”

“ऐकू बी येत हुतं?”

“येत असणार.”

सिताबाईनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. “त्याच दिवशी म्या दिराला म्हणले, ह्यांच्या उशाशी उभी ऱ्हाऊन. म्हणले, आता हे काय उठत न्हायत, मेंढरं इकून टाका.”

दीर गाडी आली म्हणून सांगायला आला. ती उठली आणि त्याच्यामागं चालू लागली. करिश्मा बाकावरच बसून राहिली. आतून कुणीतरी तिला दोनदा हाक मारली, तरी तिला उठवेना.