हातभर दोरी

वहिनी पहाटे उठायची, पण खुबा तिच्याही आधी जागा व्हायचा. कूस बदलली की उजव्या सांध्यात कुणी गंजकं कुलूप उघडतंय असं वाटायचं. मग पलंगाची कड धरून उठायचं, गोळी गिळायची आणि पाऊल असं टाकायचं की फरशीलाही कळू नये.

फरशीला कळलं की वन्संना कळायचं. नणंद जन्मांध, तिचे कान घरभर फिरायचे.

दोघी तरुणपणापासून पळत आलेल्या, मनगटाला मनगट बांधून. हातभर दोरी वहिनीनंच शिवलेली, शिवणातून उरलेल्या जाड पट्टीची, दोन्ही टोकांना मनगटापुरतं कडं. वहिनी अर्धं पाऊल पुढं, तोंडानं वाट सांगत: चढ, खड्डा, डावीकडं, पायरी. लांब पल्ल्याच्या कितीतरी शर्यती त्यांनी अशाच पुऱ्या केल्या. दोघींना जोडणारा माणूस, एकीचा नवरा, दुसरीचा भाऊ, मध्येच निघून गेला. दोरी तेवढी राहिली.

डॉक्टर म्हणाले होते, "खुब्याची वाटी झिजलीय, बाई. आता पळणं बंद." वहिनीनं घरी येऊन सांगितलं, "काही नाही, तेल चोळा म्हणाले."

खरं कसं सांगणार? वरच्या मजल्यावरची नर्सबाई पळणारी होती. "एकदा माझ्या हातात द्या ना दोरी," म्हणून मागं लागायची. तिला वन्संनी तोंडावर सांगितलं होतं, "वहिनी थांबेल त्या दिवशी मीही थांबेन." आणि थांबलेली नणंद वहिनीनं पाहिली होती, भाऊ गेला तेव्हा. भिंतीकडं तोंड करून बसलेली, जेवणाचं ताट तसंच. ते पुन्हा बघायचं नव्हतं.

उन्हाळ्यापासून वन्संच मागं ओढायला लागल्या.

"हळू गं वहिनी. वय झालं माझं."

वहिनीला मनातून हायसं वाटायचं. "झालंच की. म्हातारीचं तोंड बघा कसं सुकलंय!"

"तूच बघ बाई. मला कुठं दिसतंय?"

दोघी खिदळायच्या. मग वन्सं धापांच्या तालावर गुणगुणायच्या:

*भावजय पुढं पुढं, नणंद मागं मागं*
*दोरीला विचारा गं, कोण कुणाला सांगं*

त्या दिवशी गोळीनं दगा दिला. पुलाच्या टोकाशी खुब्यातून अशी कळ गेली, की वहिनीनं ओठ दाताखाली धरला. पुढचा शब्द तिथंच अडकला. दोरीला हिसका बसला आणि वन्सं दोन्ही तळहातांवर आपटल्या.

"पायरी," वहिनी म्हणाली. त्या पडल्यावर.

"आता सांगतेस होय?" वन्सं दगडावर बसल्या, सोललेल्या हातांवर फुंकर घालत. वहिनी रडायला लागली.

"वन्सं, माझा खुबा..."

"ठाऊक आहे. कधीची लंगडतेय ही दोरी."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला बोलायचं नव्हतं ना. म्हणून मी म्हातारी झाले."

परत येताना दोघी चालत आल्या. कुणी कुणाला वाट सांगितली नाही. नर्सबाईनं वन्संचे हात धुऊन पट्टी बांधली. वहिनी म्हणाली, "तुम्ही थांबायचं नाही, वन्सं. माझी शपथ आहे." वन्सं भिंतीकडं तोंड करून बसल्या. जखमांवर खपल्या धरल्या, खपल्या पडल्या, आणि भिंतीकडचं ते तोंड काही वळेना.

मग एका संध्याकाळी वन्सं चाचपडत शिलाई मशिनीपाशी आल्या. दोरी मशिनीवर ठेवली.

"तुझ्या बाजूचं कडं आवळ जरा. नर्सबाईचं मनगट बारीक आहे. पट्टी बांधताना कळलं मला."

हेच तर मागितलं होतं. तरी वहिनीला सुईत दोरा ओवता येईना. जुनी शिवण उसवली, तर आत तिच्या घामाचा पिवळा डाग. तो आत दुमडून तिनं टाके घातले.

पहाटे ती खिडकीत उभी राहिली, सगळा भार डाव्या पायावर. खाली दार वाजलं. नर्सबाई वेळेवर म्हणाली, "पायरी." मग चार पायांचा एक ताल गल्लीतून निघाला, सरळ, न अडखळता, आणि वाढत वाढत इतका वेगात गेला, की वहिनीचा श्वास नुसता ऐकूनच मागं पडला.

वन्सं म्हाताऱ्या झाल्याच नव्हत्या.