भिमाजीला उचलणारे बारा हात

मित्रांनो, माझ्यावर हौसेनं कुणी झोपत नाही, आणि मला त्याचा रागही नाही. मी श्रीरामपूरजवळच्या एका साखर कारखान्यातलं जुनं स्ट्रेचर आहे. सागाचे दोन दांडे आणि मधे जाड खाकी कापड, एवढाच माझा थाट. १९७१ साली पीरमहंमद मिस्त्रीनं मला घडवलं. उचलणाऱ्याच्या हाताला लाकडाचं कुसळ टोचू नये म्हणून त्यानं माझे दांडे दोन दिवस घासले.

त्याच वर्षी कारखान्याच्या दवाखान्यातल्या मुथा डॉक्टरांनी प्रथमोपचाराचा वर्ग काढला. दहा आठवडे शिकायचं, मग नगरहून येणाऱ्या परीक्षक साहेबांसमोर परीक्षा द्यायची. पास होईल त्याला शिक्क्याचं सर्टिफिकेट. कामगार पाळी संपवून यायचे, पट्ट्या बांधायचे, नाडी मोजायचे आणि आळीपाळीनं पेशंट होऊन माझ्यावर पडायचे. एकदोघं तर चक्क घोरायचे!

छगन हा गोदामातला हमाल. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन हसत थप्पीवर चढायचा. परीक्षेत साहेबांनी विचारलं, "माणूस उंचावरून पडलाय, पाठ दुखतेय म्हणतो. काय कराल?" छगननं खोट्या पेशंटला उचललं, पोत्यासारखं पाठीवर टाकलं आणि निघालाच की!

"अहो, याचा मणका मोडला असता तर तुम्ही याला जन्माचा पांगळा केला असता," साहेब म्हणाले. छगन नापास झाला. मला आधी हसू आलं, मग फार वाईट वाटलं. हमाल पडला की जोडीदारानं त्याला पाठीवर घ्यायचं, ही त्यांची रीतच होती. मायेची होती, पण घातकी होती. छगन निमूटपणे पुन्हा वर्गाला बसू लागला.

एके दुपारी त्याचा जोडीदार भिमाजी थप्पीवरून खाली आदळला. "पाय बधिर झाल्यात रं!" तो ओरडला. चारपाच हमाल धावले. एकानं तर त्याच्या काखेत हात घातलासुद्धा.

"हात काढ!" छगन गरजला. "कुनी हलवायचं न्हाई त्याला!"

"आरं, तुझा जोडीदार हाय तो!"

"म्हनूनच सांगतुया!"

त्यानं मला आणवलं. स्वतः गुडघ्यावर बसून भिमाजीचं डोकं दोन्ही हातांत धरलं. पाच जणांनी अंगाखाली हात घातले. "मी म्हनलं की समदे एकदम. कुनी म्होरं न्हाई, कुनी मागं न्हाई. उचला!"

काय सांगू मित्रांनो! पोती धडाधड फेकणारे ते बारा हात. भिमाजी जमिनीपासून वीतभर सरळ वर आला, जरासुद्धा न वाकता. मला घेऊन आलेल्यानं मला खाली सरकवलं आणि त्यांनी त्याला अलगद माझ्यावर टेकवलं. असं वजन मी आधी कधी पेललं नव्हतं. तरी मी हललं नाही.

मणक्याला तडा गेला होता. चार महिन्यांनी छगन पुन्हा परीक्षेला बसला, तेव्हा दारातून काठी टेकत भिमाजी आत आला. स्वतःच्या पायांनी! "सायब, ह्याला काय इचारायचं ते इचारा," तो म्हणाला, "पर म्या चालत आलोय, त्येबी लिवा." साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. त्या दिवशी छगन पास झाला.

आता दवाखाना झाडणारी लंकाबाई माझ्यावर कुरडया वाळवते. वाळवू द्या. पण मित्रांनो, माझं कापड विरण्याआधी एवढं शिकून घ्या: पडलेल्या आपल्या माणसाकडं जीव धाव घेतो, तेव्हा क्षणभर आपले हात आवरायचे. केवढी ताकद लागते त्याला!