बिसरामचं तिखलं

"आपल्या गावचे सुपुत्र, कोकनात मोठ्या कंपनीत साहेब असलेले श्रीमान बिसरामजी, यांच्याकडून मंडईले चाळीस नारेल भेट! टाळ्या झाल्या पाह्यजे!"

भोंग्यावर टिकारामचा आवाज घुमला आणि बिसरामने सायकलचा ब्रेक करकचून दाबला. मागच्या दोन टोपल्यांत चोरखमाऱ्याच्या तलावातली पंधरा किलो रोहू होती. टिकाराम मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, समितीचा अध्यक्ष. हाती माइक आला की तो एक गोष्ट तीनदा सांगितल्याशिवाय सोडत नसे. दुसऱ्यांदा ऐकल्यावर बिसरामने सायकल घराकडे पिटाळली.

ते नारळ त्याने मालवणहून आणले होते. आधी एस.टी., मग कोल्हापूरहून गोंदियाला येणारी गाडी, तिरोड्याला उतरल्यावर ऑटो. चाळीस नारळांचं पोतं पाठीवर वाहताना त्याचे खांदे भरून आले होते. आज मंडईच्या जेवणाला घरी साठ पाहुणे येणार होते आणि त्या नारळांचं वाटण माशाच्या कालवणात पडायचं होतं.

तो घरी पोचला तेव्हा वहिनी, रुख्माबाई, अंगणात सडा घालत होत्या.

"वैनी, नारेलाचं पोतं कुठी आहे?"

"देल्लं नं समितीले! भोंग्यावर आइकलं नाही का? टिकाराम वर्गनी मांगाले आला, तं म्हनलं, आमच्या भाऊजीनं चाळीस आनले, घेऊन जा. कसं नाव झालं पाहा!"

"वैनी, ते कालवनात टाकाचे होते."

रुख्माबाईंचा हात बादलीतच थांबला. "चाळीस नारेल? भाजीत? नारेल का कोनी भाजीत टाकते, भाऊजी?"

त्यांचा तरी काय दोष! धानाच्या या मुलखात नारळ दिसतो तो देवापुढे, नाहीतर शाल पांघरलेल्या पाहुण्याच्या हातात. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, दंडार नाचते, नाटक होतं, आणि आलेल्या प्रत्येक मंडळाला हार आणि नारळ द्यावा लागतो. त्या दिवसांत तिरोड्याच्या दुकानांतही नारळ उरत नाही. घरात चाळीस नारळ दिसले तर ते मंडईसाठीच, असं इथलं कोणीही धरून चाललं असतं. आणि भोंग्यावर नाव पुकारलेली भेट परत मागायला जाणं म्हणजे जिवंतपणी नाक कापून घेणं.

रुख्माबाईंचे डोळे भरून आले. "माह्या हातानं सत्यानाश झाला."

"नाही वैनी. होते असं. तुम्ही सडा घाला."

एवढ्यात थोरला भाऊ श्यामलाल ओसरीतून खाली आला. सगळं ऐकून त्याला वाईट वाटल्याचं काही दिसलं नाही. उलट चेहरा खुललाच.

"आता बरंच झालं म्हन. तिरोड्यावरून आचारी बलावतो मी. मासोऱ्या त्याले दे. तू आंघोळ कर, तो पांढरा शर्ट घाल, अन् समोर पावन्यायजवळ बस. साहेबावानी."

"दादा, मी रांधतो म्हनलं होतं तुले. फोनवर हो म्हनला तू."

"मांगच्या वाडीत रांध, कोनाले दिसू नोको, असं म्हनलो होतो. आता तं गावानं साहेब केलं तुले. कायले चुलीपाशी मरून राहिला?"

यातली मेख समजायला चोवीस वर्षं मागे जावं लागतं. सव्वीसचा बिसराम घर सोडून मालवणला गेला, दोन वर्षं मच्छीमार बोटीवर काढली आणि मग जेटीजवळच्या सुलोचनाबाईंच्या खानावळीत चुलीपुढे उभा राहिला तो राहिलाच. श्यामलालला मात्र हे कधी पचलं नाही. शेतकऱ्याच्या पोराने परक्या लोकांना रांधून वाढायचं? गावात त्याने सांगून टाकलं, भाऊ कंपनीत आहे. पुढे कंपनी मोठी झाली आणि भाऊ आपोआप साहेब झाला. बिसरामला सोयरीक आली की मात्र पंचाईत व्हायची. खुद्द नवऱ्यामुलाबद्दल मुलीच्या बापाला खोटं सांगण्याइतका श्यामलाल वाईट नव्हता आणि खरं सांगण्याइतकी त्याची छाती नव्हती. ती बोलणी मग तिथेच विरून जायची. असं करता करता बिसरामचं लग्न राहून गेलं.

पावसाळ्यात खानावळ बंद असे, तेव्हा धानाच्या रोवणीला बिसराम दरसाल यायचा. पण दिवाळीची सुट्टी म्हणजे मालवणात गिऱ्हाइकांची झुंबड, त्यामुळे चोवीस वर्षांत त्याने गावची मंडई पाहिली नव्हती. यंदा सुलोचनाबाईंनी आपणहून रजा दिली आणि स्वतःच्या वाडीतले नारळ पोत्यात भरून दिले. ज्या हातांचं जेवण खायला पुण्या-मुंबईचे लोक रांग लावतात, त्या हातांचं आपल्या माणसांनी एकदा खावं आणि हे हात आपल्या घरचे आहेत असं दादाने एकदा तोंडाने म्हणावं, एवढीच बिसरामची इच्छा होती.

"आचारी नोको बलावू," बिसराम म्हणाला. "साठ मान्साचं मीच रांधीन."

"नारेल तं नाही. काय रांधशीन, कपाळ?"

बिसराम सायकल घेऊन मागच्या वाडीत गेला. त्याने टोपल्या उतरवल्या, मालवणहून आणलेली पिशवी उपडी केली. कोकमं होती, तिरफळं होती, सोडे म्हणजे सुकवलेली सोललेली कोळंबी होती, सुलोचनाबाईंनी डंखाच्या गिरणीत कुटवलेला मसाला होता. नव्हता तो फक्त नारळ. नारळाशिवाय कालवण पांढरपेशा गिऱ्हाइकापुढे ठेवलं असतं तर खानावळीत ताट परत आलं असतं.

मग त्याला वाटलं, गिऱ्हाईक गेल्यावर आम्ही काय खात होतो?

तिखलं. बोटीवर तेच, खानावळीतही तेच. दुपारी साडेतीनला शेवटचं गिऱ्हाईक उठलं की चुलीवरची माणसं स्वतःसाठी मूठभर मासे टाकायची. लसूण, मिरची, हळद, ठेचलेलं तिरफळ, कोकम आणि पाणी बेताचं. नारळाचं नाव नाही. आयुष्यभर त्याने लोकांना एक जेवण वाढलं आणि स्वतः दुसरं खाल्लं होतं. दादाला दाखवायचं तर हेच का दाखवू नये?

तो ताडकन उठला. "वैनी, मोठा गंज काढा, साठ मान्साचा रस्सा होईन असा! अन् नवा चिन्नोर तांदूळ किती आहे घरात?"

पुढचे तीन तास त्या वाडीत कोणी पाहिलं असतं तर साहेब-बिहेब विसरून गेलं असतं. त्याने तीन चुली पेटवल्या. गोड्या पाण्यातल्या माशाला चिखलाचा वास असतो, म्हणून तुकडे मीठ-हळदीने चोळून कोकमाच्या पाण्यातून काढले. श्यामलालची सून नीतू लसूण सोलून थकली, पण मदतीला बसली ती हलली नाही. परसातली वांगी सोड्यांबरोबर शिजली. सोलकढी नारळाच्या दुधावाचून होत नाही, तर कोकमं भिजवून काढलेल्या आगळात जिरं, हिरवी मिरची, कोथिंबीर घालून त्याने लाल कढी केली. तिरफळाचा वास कुंपण ओलांडून गेला आणि शेजारचे लोक डोकावून विचारू लागले, काय रांधून राहिले म्हणून. बिसरामचे हात न अडखळता चालत होते. हे काम आपल्याला येतं, चांगलं येतं, याचा त्याला अभिमान वाटला आणि तो लपवावासा वाटला नाही.

दुपारी ओसरीत पंगत बसली. श्यामलालच्या शेजारी त्याचे व्याही दुर्गाप्रसाद बसले. ते नीतूचे वडील, गोंदियाचे किराणा व्यापारी. लेकीच्या लग्नात त्यांनाही सांगितलं होतं, मुलाचा काका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे.

पहिल्या घासाला दुर्गाप्रसाद थांबले. दुसऱ्याला त्यांनी बाह्या सारल्या. पंगतीतलं बोलणं हळूहळू बंद झालं. नुसते भुरके ऐकू येत होते, आणि "भात आन, रस्सा आन" एवढंच.

"समधीजी," दुर्गाप्रसाद म्हणाले, "गजब चीज आहे ही! ऐसा मासा जिंदगी में नाही खाल्ला. आचारी कहाँ से बुलाया? माझ्या नातवाच्या बारशाले पाह्यजे हा मानूस."

बिसराम मागच्या दारात भाताचं पातेलं घेऊन उभा होता. अंगात घामेजलेली बनियन, हात कोपरापर्यंत लाल. तो आत वळणार होता. दादाची अडचण त्याला कळत होती, आणि साठ माणसांनी पोटभर खाल्लं हे काय थोडं होतं?

श्यामलालने हातातला घास खाली ठेवला. त्याच्या पानातला भात तिसऱ्यांदा घेतलेला होता.

"आचारी नोहे," तो म्हणाला. पाणी पिऊन त्याने मोठ्याने सांगितलं, साऱ्या पंगतीला ऐकू जाईल असं. "माहा भाऊ आहे तो, बिसराम. कंपनी-गिंपनी काही नाही, समधीजी. बावीस वर्सं झाले, स्वयंपाकच करते. मीच खोटं बोललो तुमच्याशी."

दुर्गाप्रसादांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. "तो इसमें छुपाने का क्या था?" म्हणाले, आणि रश्शासाठी वाटी पुढे केली.

श्यामलाल उठला. खरकटा हात तसाच धरून मागच्या दारापाशी गेला आणि डाव्या हाताने त्याने बिसरामच्या हातातलं पातेलं काढून घेतलं.

"माह्या जागेवर बस."

"दादा, मी समद्यायच्या मांगून खाईन. उभ्यानंच खातो मी."

"बस म्हनलो नं!"

बावीस वर्षं खानावळीत उभ्याने जेवलेल्या बिसरामला मांडी घालायला जरा वेळ लागला. नीतूने नवी पत्रावळ मांडली. श्यामलालने हात धुतले, भात वाढला आणि मग गंजात पळी घातली. आयुष्यात त्याने कोणाला वाढलं नव्हतं. मासा खालून अलगद उचलावा लागतो हे त्याला ठाऊक नव्हतं, त्याने वरूनच पळी खुपसली. मधला उत्तम तुकडा मोडला, काटे वेगळे झाले, रस्सा पत्रावळीबाहेर ओघळला. खानावळीतल्या चुलीपुढे कोणी असं केलं असतं तर बिसरामने त्याला तिथून उठवलं असतं.

"पुरे का अजून वाढू?" श्यामलालने विचारलं.

"वाढ," बिसराम म्हणाला, आणि मोडलेला तुकडा भातात कालवू लागला.